भर उन्हात काच बघणारी महादेवी

महादेवी काय काम करते, असं देवणीच्या बाजारात कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. नांदेडला विमानाच्या खिडक्या पुसती. सांगणाऱ्याच्या मनात खोट असायची असंही नाही, त्याला खरंच तसं वाटायचं. गावातल्या कुणीतरी तिला तारेच्या जाळीतून पाहिलेलं, शिडीवर उभी आणि हातात फडकं, आणि तेवढ्यावर गावानं तिचा हुद्दा ठरवून टाकला होता. तिचे वडील मल्लिकार्जुन अप्पा ही समजूत दुरुस्त करायच्या भानगडीत कधी पडले नाहीत. "पुसती तर पुसती. तुमच्या घरची तर कुनी पुसंना," एवढं बोलून पुढं चालायचे.

खरी गोष्ट अशी की महादेवीची सही पडल्याशिवाय ते विमान नांदेडहून हलत नव्हतं. सत्तर माणसांचं, दोन पंख्यांचं विमान. हैदराबादहून डोक्यावर ऊन असताना यायचं, दुपारभर थांबायचं आणि सांजच्याला माघारी जायचं. त्या मधल्या वेळात महादेवी त्याच्याभोवती फिरायची. चाकं, पंखे, तेल, दारं, खिडक्या. सगळं नजरेखालून गेलं की सही. तिनं सही केली नाही तर पायलट कितीही मोठ्या पगाराचा असो, टोपी काढून सावलीला बसायचा.

ही नजर तिनं कुठून आणली ते सांगायचं तर आधी अप्पांच्या घोंगड्याचं सांगावं लागतं.

अप्पा देवणी बैलांचे जाणकार. बाजारात हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, अप्पा लांबून येताना दिसले की खोट असलेली जनावरं मागं सरकवायचे. दात सगळेच बघतात, खूर सगळेच उचलतात. अप्पांची तऱ्हा वेगळी होती. ते खांद्यावरचं काळं घोंगडं काढायचे, बैलाच्या तोंडावर टाकायचे, स्वतःही आत शिरायचे आणि एका अंगानं बोटभर उजेड आत घ्यायचे. भर उन्हात जनावराच्या डोळ्यातलं फूल, म्हणजे पांढरा डाग, दिसत नाही, अख्खा डोळाच चमकत असतो. अंधारात तिरपा उजेड पडला की बुबुळावरचा तिळाएवढा डागसुद्धा उठून दिसतो. बाहेर उभी राहिलेली माणसं हसायची, अप्पा बैलासंगं कानगोष्टी करून राहिले म्हणायची. मग अप्पा बाहेर यायचे, घोंगडं झटकायचे आणि म्हणायचे, डाव्या डोळ्यात फूल हाय, काळ्या तोंडाचा वानेरा देखणा हाय पण मला नको. हेड्याचं तोंड उतरायचं. हा सगळा खेळ बघायला मिळावा म्हणून लहानपणी महादेवी बाजारच्या दिवशी शाळेला दांडी मारायची.

दहावीला मार्क चांगले पडले, म्हणून रीतीप्रमाणं तिला लातूरला टाकलं. आमच्याकडं हुशार लेकरू लातूरला जातं आणि डॉक्टर व्हायच्या रांगेत उभं राहतं. रांग केवढी आहे ते कुणी विचारत नाही. महादेवी रांगेत उभी राहिली, बेडकाच्या आतड्यांची चित्रं काढून काढून वह्या भरल्या, आणि बारावी झाल्यावर घरी येऊन सांगितलं की ह्याच्यात माझं मन नाही. पाहुण्यांनी कपाळाला हात लावले. अप्पांनी फक्त विचारलं, मग कशात हाय. ती म्हणाली, हैदराबादला विमान दुरुस्त करायचं शिकवतात.

अप्पांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "बघायचंच काम हाय न्हवं? मग जा."

पुढची वर्षं काही सुखाची नव्हती. इंग्रजी पुस्तकं, अवघड परीक्षा, एकदा नापास, मग पास. त्यानंतर दुसऱ्यांच्या हाताखाली ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून काम. शेवटी लायसन मिळालं. ह्या विमानाला उडायला हरकत नाही, असं लिहून द्यायचा अधिकार देणारं लायसन. नांदेडला जायला कंपनीत कुणी राजी नव्हतं, हिनं मागून घेतलं. भाषा आपली, घर एका एसटीच्या अंतरावर, आणि आपल्या मुलखात उतरणारं विमान आपल्या सहीनं उडतं ह्याची एक मस्ती असते, ती तिला होती. ती कधी तोंडानं बोलली नाही, पण चालण्यात दिसायची.

असं सगळं बरं चाललेलं असताना दिल्लीच्या खात्याचा नवा नियम येऊ घातला.

अजून आलेला नव्हता. मसुदा होता, कंपन्यांनी आपापलं म्हणणं कळवावं म्हणून फिरवलेला. विषय होता विमानाच्या खिडक्या. विमानाची खिडकी काचेची दिसते, पण ती काच नसते, ताणून कडक केलेलं जाड पारदर्शक प्लास्टिक असतं. सगळे काच म्हणतात म्हणून आपणही म्हणू. वर गेल्यावर आतली हवा ह्या काचेला बाहेर ढकलत राहते, ज्वारीनं गच्च भरलेली कणगी जशी सगळ्या अंगांनी फुगते तशी. उन्हानं, थंडीनं, रोजच्या ढकलण्यानं त्या काचेत केसासारख्या रेषांचं जाळं धरतं. कधी कडेला तडा जातो. तडा वाढला तर काय होतं ते सांगायची गरज नाही. म्हणून मसुद्यात लिहिलं होतं की प्रत्येक विमानाची प्रत्येक बाहेरची काच लायसनवाल्या माणसानं थोड्या थोड्या दिवसांनी बघावी, आणि ती हँगरातच बघावी. हँगर म्हणजे विमान आत घालून उभं करायची झाकलेली शेड.

गाडी अडली ती ह्या हँगरापाशी. नांदेडला कंपनीचं हँगर नव्हतं. हैदराबादला होतं ते दुसऱ्याचं, भाड्याचं, आणि कंपनीच्या वाट्याला ते फक्त दुपारचं यायचं. म्हणजे ज्या दुपारी विमान नांदेडला उभं राहायचं, ती दुपार हँगरला द्यावी लागणार. नियम जसाच्या तसा आला तर नांदेडची फेरी बंद. फेरी बंद झाली की महादेवीची बदली, आणि शेषेरावची टोळी घरी. शेषेराव म्हणजे गुत्तेदाराच्या, ठेकेदाराच्या, माणसांचा मुकादम. सामान चढवायचा, शिडी धरायचा आणि दिवसभर बोलायचा.

कंपनीत दुरुस्तीचा मोठा साहेब होता वीरेश. बीदरकडचा माणूस, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा, सरळ. नांदेडची फेरी वाचावी असं त्यालाही वाटत होतं आणि त्यानं त्याच्या परीनं वाट काढली होती. कंपनीचं म्हणणं म्हणून त्यानं लिहिलं की लहान ठिकाणी ही तपासणी करणं शक्य नाही, म्हणून मुदत वाढवून द्या, वर्षातून एकदा मोठ्या दुरुस्तीला विमान येतं तेव्हा काचा बघू. बाकीच्या कंपन्याही असंच काहीतरी लिहीत होत्या. खाली प्रत्येक ठिकाणच्या इंजिनिअरची हरकत नाही म्हणून सही हवी होती. सगळ्यांनी केली. महादेवीनं वाचलं आणि फोन लावला.

"सर, ह्याच्यात नांदेडला शक्य न्हाई मनून लिवलंय. शक्य हाय."

वीरेश शांतपणे बोलला. "महादेवी, तुझंच स्टेशन वाचवून राहिलो मी. मुदत वाढली की फेरी राहते."

"फेरी राहती सर. काचा बी तशाच राहत्यात, वरीसभर."

मग त्यानं विचारलं की नांदेडच्या उन्हात काच बघायची कशी. त्यानं स्वतः करून पाहिलं होतं, काचेत नुसतं आभाळ दिसतं, रेष कुठली आणि चमक कुठली ते कळत नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. महादेवी म्हणाली, मी करून दाखवते, तुम्ही या. ते पटलं तर हँगर हा शब्द तेवढा काढायला सांगू दिल्लीला, मुदत आहे तशी असू द्या.

आणि इथं महादेवीनं एक चूक केली. देवणीत वाढलेल्या माणसालाच सुचावी अशी. तिनं अप्पांचं घोंगडं मागवलं.

वीरेश आला तेव्हा ऊन असं होतं की काँक्रीटवरून वाफ उठत होती. शेषेरावनं शिडी लावली. महादेवीनं घोंगडं डोक्यावरून घेतलं, खिडकीवर दाबून धरलं आणि आत टॉर्च तिरपी पाडली. आत बाजारातल्यासारखाच अंधार झाला आणि काच बोलायला लागली. बारीक जाळं कुठं धरतंय, कुठं नाही, सगळं स्पष्ट. ती आतून सांगत होती, बाहेर वीरेश ऐकत होता आणि शेषेराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता की म्याडमचे निस्ते पाय दिसत्यात, पायलट बिचकून राहिला.

ती खाली उतरली ती जिंकल्याच्या थाटात. वीरेश वर चढला. त्यानं काचेवर कोपऱ्यातून नजर टाकली, मग नख फिरवलं, आणि तिला वर बोलावलं. काचेवर ताज्या रेषा होत्या. बारीक, गोल गोल, जिथं जिथं घोंगडं घासलं होतं तिथं. मेंढीची खरबरीत लोकर आणि तिच्यात किती वर्षांची देवणीच्या रानातली माती. बैलाच्या तोंडाला त्याचं काही नाही. त्या मऊ काचेवर तेच घोंगडं घासणीसारखं चाललं होतं.

जिनं काच सांभाळायची तिनंच ती खरवडली होती. ज्या माणसापुढं टेचात उभं राहायचं त्याच्याच पुढं. रेषा वरवरच्या होत्या, पॉलिशनं निघाल्या, नियमात चालतं त्या मापात बसल्या, विमान वेळेत गेलं. पण महादेवीनं घडलं ते तिथंच नोंदीत लिहिलं, स्वतःच्या नावानं, आणि मग घोंगड्याची घडी केली.

वीरेश रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. जाताना एवढंच म्हणाला, "कल्पना चांगली हाय. पण दिल्लीला काय लिहू, घोंगडं पांघरून बघतो मनून?" म्हणणं कळवायची शेवटची तारीख जवळ आली होती. तोवर दुसरं काही झालं नाही तर त्यानं आधी लिहिलं होतं तेच जाणार होतं.

सुट्टीच्या दिवशी ती देवणीला गेली. अप्पा गोठ्यात होते. तिनं सगळं सांगितलं. अप्पांनी घोंगडं हातात घेऊन उलटसुलट केलं, जणू दोष त्याचा होता.

"बैलाला खाजलं तर त्यो चाटून घेतो त्याचं त्यो. तुझ्या काचंला जीभ हाय का?"

"न्हाई अप्पा."

"मग तिला सोसंल असलं पांघरून घाल की. माझं कामून घातलीस?"

उत्तर तिला येत होतं. अप्पांचं घोंगडं विमानावर पडावं, असं तिच्या मनात होतं, म्हणून. कामापेक्षा हौस पुढं गेली होती. ती मुकाट्यानं जेवली आणि परतीच्या एसटीत बसली.

नांदेडला उतरल्यावर ती खोलीवर गेली नाही, इतवाऱ्याच्या बाजारात गेली. काळं, मऊ, उजेड आरपार जाऊ न देणारं, रोज धुता येणारं कापड नांदेडात कुठं मिळतं ते कुणीही सांगेल. बुरखे शिवणाऱ्या एका चाचांच्या दुकानात तिनं ठाणच्या ठाण उलगडायला लावली, प्रत्येक कापड गालावर घासून बघितलं, मग उन्हात धरून बघितलं. चाचा चष्म्यावरून बघत होते. नाप किसका, त्यांनी विचारलं. महादेवी म्हणाली, हवाई जहाज की खिडकी का.

चाचांनी कात्री खाली ठेवली. "अब जहाज कू बी पडदा?"

पण मग त्यांनी मन लावून शिवलं. तिनं सांगितलं तसा मोठा झोळ, एक माणूस कमरेपर्यंत आत मावेल असा, आणि तोंडाला कापूस भरलेली जाड गोल कड. ही कड खिडकीभोवतालच्या पत्र्यावर टेकायची, काचेला कापड लागायचंच नाही. चाचांनी स्वतःच्या मनानं वर एक जाळीची फट ठेवली, उजेड न येता श्वास घेता यावा म्हणून. बायका घालतात ते मी शिवतो, मला ठाऊक आहे आत काय होतं, असं ते म्हणाले. ही फट महादेवीच्या डोक्यात आली नव्हती, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिच्याशिवाय आत कुणी टिकलं नसतं.

वीरेश पुन्हा आला. ह्यावेळी त्यानं येण्याआधी एक गोष्ट मनात ठेवली होती. त्या विमानाच्या एका काचेला जाळं धरायला लागलंय हे त्यानं हँगरात आधीच पाहिलं होतं, मापात होतं पण होतं, आणि कुठल्या काचेला ते तिला सांगितलं नव्हतं. महादेवी पहिल्या खिडकीपासून सुरू झाली. शेषेराव शिडी सरकवत गेला. घामानं तिच्या शर्टाचा रंग बदलला. उजव्या अंगाला, पंख्याच्या मागच्या एका खिडकीपाशी ती झोळातच थांबली आणि आतून म्हणाली, सर, हिला जाळं हाय, खालच्या कोपऱ्यात.

वीरेशनं टॉर्च मागितली आणि स्वतः झोळात शिरला. बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा केस कपाळाला चिकटलेले होते.

"हँगरात दिसतं तसंच दिसतं," तो म्हणाला. मग रुमालानं तोंड पुसलं आणि कंपनीचं आधीचं म्हणणं माघारी घ्यायला हैदराबादला फोन लावला.

ते सोपं गेलं नाही. वरच्यांचं म्हणणं, सगळ्या कंपन्या सवलत मागून राहिल्यात तर आपणच का नको म्हणायची. वीरेश त्यांच्याशी भांडला, आणि हे भांडण त्यानं महादेवीसाठी केलं असं कुणी समजू नये. त्यानं स्वतः डोकं झोळात घालून पाहिलं होतं, त्यानंतर त्याला शक्य नाही असं लिहिता येईना. शेवटी कंपनीचं म्हणणं दिल्लीला गेलं ते असं: मुदत जशी सुचवली तशी मान्य, फक्त हँगरातच ही अट काढावी, काच नीट दिसेल एवढा अंधार जिथं करता येतो तिथं तपासणी करू द्यावी. सोबत झोळाचे फोटो आणि मापं.

पुढं नियम आला. किती कंपन्यांनी काय काय लिहिलं होतं आणि कुणाच्या सांगण्यानं काय बदललं ते दिल्लीला ठाऊक. पण हँगर हा शब्द त्यात नव्हता. नांदेडची फेरी राहिली. शेषेरावनं सगळ्यांना पेढे वाटले आणि जो दिसेल त्याला सांगितलं की आमच्या झोळानं दिल्ली हलवली.

वीरेशनं मात्र फोनवर तिला एक गोष्ट सांगून ठेवली. वरच्यांनी मान हलवलीय, मन हलवलेलं नाही. काच बघायला विमान नांदेडला ठेवलं आणि तिथंच अडकून पडलं, असं एकदा जरी झालं तरी ते म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो. मग फेरी मी वाचवू शकत नाही.

ते दिवाळीच्या तोंडावर झालं.

त्या दिवशी विमान गच्च भरलेलं होतं. त्यात महादेवीची आत्या होती, सरस्वतीबाई, हैदराबादला लेकाकडं सणाला निघालेली. पहिल्यांदा विमानात बसणार म्हणून नवं लुगडं, करंज्यांचे डबे, आणि पोचवायला एक जीपभर माणसं. अप्पाही आले होते. भाचीच्या सहीनं उडणाऱ्या विमानात मी बसून राहिले, असं आत्यानं देवणीपासून नांदेडपर्यंत भेटेल त्याला सांगितलं होतं.

आणि त्याच दुपारी काचांची मुदत भरली होती. महादेवी झोळ घेऊन फिरत होती. डाव्या अंगाच्या एका खिडकीपाशी तिला कडेकडून आत येणारी एक रेष दिसली. नखाएवढी. तिनं टॉर्चची बाजू बदलली. फडक्यानं हलक्या हातानं पुसलं. केस असता तर पुसला गेला असता, सावली असती तर सरकली असती. रेष जागची हलली नाही. तिनं आत जाऊन सीटमागून पाहिलं, पुन्हा बाहेरून पाहिलं. हे जाळं नव्हतं. हा तडा होता, आणि तड्याला नियमात माप नव्हतं. काच बदलल्याशिवाय उडायचं नाही.

ती शिडीवरून उतरली तेव्हा तिचा चेहरा बघूनच शेषेराव समजला. तो जवळ आला, आवाज खाली आणला. "म्याडम, एवढंसं तर हाय. हैदराबादला जाऊ द्या, तितं हँगरात बगतील. इथं अडकलं तर आपलं सगळ्यांचं..." पुढचं त्यानं सोडून दिलं. त्याच्या टोळीत पाच-सहा घरं होती, ती तिला ठाऊक होती.

तिनं वीरेशला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की काच आणि बसवणारी माणसं रस्त्यानं येणार, म्हणजे आज विमान हलत नाही. वरचे काय म्हणतील ते तुला ठाऊक हाय. आणि पुढं म्हणाला, "मी तुला हो पण मनत नाही, नाही पण मनत नाही. काच तू बघितलीस. तू सांग."

"तडा हाय सर."

"मग लिही."

तिनं लिहिलं. विमान थांबलं असं लिहून खाली सही केली, रोजच्यासारखी पूर्ण नावाची. आणि प्रवाशांना सांगायचं काम दुसऱ्या कुणावर टाकलं नाही, स्वतः गेली. विमान आज जाणार नाही, काचेला तडा आहे, मी पाहिलाय, काच उद्या येईल, असं सरळ सांगितलं. लोक उठून उभे राहिले. कुणी म्हणालं एवढ्याशा काचेसाठी, कुणी म्हणालं कंपनीवर केस करतो. एका पुढाऱ्यानं तिचं नाव विचारून फोनात लिहून घेतलं. ते बरोबर लिहिलं आहे का हे तिनं बघून घेतलं.

आत्या सगळ्यात जास्त तापली होती. नवं लुगडं सावरत बाहेर आली आणि जीपवाल्यांपुढं म्हणाली की आपल्याच भाचीनं माझी गाडी अडवली, आता गावात तोंड कसं दाखवू. बरोबर आलेल्यांपैकी एकानं संधी साधली. अप्पा, एवढं शिकवून काय फायदा झाला मग, आपल्या मानसाला बी सोडली न्हाई तिनं, असं तो म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. बाजारात हेड्याकडं बघायचे तसं.

"जनावरात खोट हाय मनून भर बाजारात आपल्या तोंडानं सांगनारा हेडी बघितलाव का कवा?" त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "म्या जिंदगीभर बाजार केलो. न्हाई बघितलो. आज बघितलो, ती माझी लेक हाय." मग बहिणीच्या हातातला करंज्यांचा डबा त्यांनी घेतला आणि उघडला. "चला, बसा हितं. उंद्याच्याला जाऊ. सरस्वती, तू बी खा."

आत्यानं थोडा वेळ तोंड फिरवलं, मग खाल्ली. सांजच्या वाऱ्याला विमानतळाबाहेरच्या झाडाखाली देवणीची ती जीपभर माणसं करंज्या खात बसली, आणि ज्यानं त्यानं आल्यागेल्याला सांगितलं की विमान आमच्या पोरीनं थांबवलंय. ज्या तोंडानं मघाशी तक्रार होती त्याच तोंडानं आता ते बढाईसारखं येत होतं, आणि अप्पांनी तेही दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत काच आली. दोन माणसांबरोबर वीरेश स्वतः रस्त्यानं आला. जुनी काच उतरवल्यावर त्यानं ती उजेडात तिरपी धरली. कडेचा तडा चौकटीखाली झाकलेल्या भागात आणखी आत गेलेला होता, बाहेरून दिसत होता त्याच्या दुप्पट. त्यानं फोटो काढला आणि तिथूनच वरच्यांना पाठवला. मग नवी काच बसवेपर्यंत त्याच्या फोनला उसंत नव्हती. महादेवी एकेक स्क्रू बघत होती आणि कान तिकडं होते, पण वीरेश कानडीत आणि इंग्रजीत बोलत होता आणि लांब जाऊन बोलत होता.

शेषेराव शिडी धरून उभा होता.

काम संपल्यावर वीरेश आला. काल वरच्यांकडं लई गरम झालं होतं, असं त्यानं सांगितलं. नांदेडचं काय ते ह्या आठवड्यातच मिटवून टाकू, असं ठरतही आलं होतं. आज फोटो बघितल्यावर त्यांतल्याच एकानं विचारलं की आपण मागितली होती ती वर्षाची सवलत मिळाली असती तर ही काच परत कधी बघितली असती. पुढच्या उन्हाळ्यात, असं वीरेशनं सांगितलं.

"मग?" महादेवीनं विचारलं.

"मग काय. फेरी राहते. आणि दुसरं विमान पण दुपारचं इथंच उभं करा मनले, त्याच्या काचा बघायला. तिसऱ्याचं बघू." तो तिच्याकडं बघत राहिला, ती काही म्हणेल म्हणून.

महादेवीनं हातातला पान्हा पुसून पेटीत ठेवला. तिच्या मागं शेषेरावनं शिडी सोडून दोन्ही हातांनी तोंड पुसलं, घाम नव्हता तरी. विमानात माणसं चढायला लागली होती, आणि सगळ्यांच्या पुढं नव्या लुगड्यातली आत्या पायऱ्या चढत, हवाईसुंदरीला थांबवून, ती खाली उभी हाय ती माझी भाची, असं सांगत होती.

"दोन विमानं असतील तर ह्या एका शिडीनं भागायचं न्हाई सर," महादेवी म्हणाली. "हिचा एक पाय हलतो. दुसरी पाठवा, चांगली बघून. आन पाठवायच्या आधी मला दाखवा."

वीरेश हसला आणि हो म्हणाला. तिनं कागद मागवून घेतला, त्याच्यावर सही केली आणि पायलटला अंगठा दाखवून बाजूला झाली.